दोन वार, आणि

प्रेशर एकशे सत्तर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले,
गोवर्धन, बोंब कमी मार.
हर्णैच्या बंदरात लिलाव पुकारणाऱ्याला हे सांगणं म्हणजे
कुर्लीला सरळ चाल म्हणण्यातली गत.
तरी गेलो.
पहाटे साडेपाचला, शाळेच्या हॉलमध्ये,
भिंतीवर सातचा पाढा, त्यातला सात साते पुसलेला.
मुरुडकर सिस्टर ताडपत्री अंथरून बसलेल्या.
आठ बाया आणि मी,
अंगाला बांगड्याचा वास, जो कुठल्याच साबणाला ऐकत नाही.

सिस्टर म्हणाल्या, श्वास आत. श्वास बाहेर.
मधे एक जागा असते, ती बघा.
प्रेशरवाल्यांनी कोंडायचा नाही हां,
आपणहून थांबेल तेवढाच थांबू द्यायचा.
बघितली मी.
काही नव्हतं तिथे.
ओहोटी संपलेली असते, भरती लागलेली नसते,
तेव्हा होडी दोराला ओढत नाही,
नुसती असते,
तेवढंच.
म्हटलं, फुकट गेली सकाळ.

दुपारी चारला बंदरावर नेहमीचंच.
बैल पोटापर्यंत पाण्यात, गाड्यांवरून पाट्या उतरतायत,
चपलेखाली बर्फ करकरतोय,
सुवर्णदुर्गाच्या तटावर उन्हाची एक पट्टी.
हजार, अकराशे, बाराशे.
मी पुकारतो म्हणजे काय,
आवाजाने माणसांना कोपर मारतो.
बाराशे एक वार,
बाराशे दोन वार,
आणि कसं कोण जाणे,
जुना श्वास संपला होता, नवा आला नव्हता.
मी त्याला ओढून आणला नाही.

बंदर जागच्या जागी होतं.
एका बैलाने कान हलवला.
म्हाकुलाच्या डोळ्यात आभाळ, एवढंसं.
आणि समोर जैतूनबी,
कमरेची पिशवी चाचपत,
ओठ हलतायत: रिक्षाचे किती, बर्फाचे किती, नातवाच्या फीचे किती.
वीस वर्षं मी हिला माल देतोय,
हिचे ओठ हलतात हे मला आज कळतंय.

साडेबाराशे, ती म्हणाली.
तीन वार.

ट्रकवाला मजीद चिडला.
काय रं गोवर्धन, उभ्या उभ्या झोपलास काय?
एरवी त्याच्या सात पिढ्या मी वाळूवर काढल्या असत्या.
शब्द आला होता तोंडापर्यंत,
मासा जाळ्याला नाक लावून उभा राहतो
तसा दातांशी थांबला,
आणि वळून आत गेला.

एवढ्यावरून कोणी समजू नये की मी साधू झालो.
त्याच रात्री पोराने स्कूटर ढकलत आणली,
टाकीत थेंब नाही,
तेव्हा माझा आवाज पाजपंढरीपर्यंत गेला असणार.
सिस्टरांचं घर तर तिसरंच.
सकाळी त्या काही बोलल्या नाहीत,
ताडपत्रीचा माझा कोपरा
जरा जास्त वेळ झटकत राहिल्या.

अजून जातो.
ती जागा कधी सापडते, कधी नाही.
परवा पावती फाडताना सापडली,
कागद अर्धा फाटलेला, अर्धा जोडलेला.
काल दिवसभर नाही.
शोधायला बसलं की पळते,
बोय पळते तशी, आपलीच सावली पडल्यावर.
आवाज मात्र तोच ठेवलाय,
नाहीतर मागच्या रांगेला ऐकू जायचं नाही.

आज भाकरी उलटता उलटता हौसा म्हणाली,
रात्री झोपेत पुकारत होतास.
एक वार म्हणालास.
दोन वार म्हणालास.
मी जागी, म्हटलं, आता म्हणेल,
आता म्हणेल,
तर तू घोरायलाच लागलास.
मग माल कोणाला सुटला, ते तरी सांग.