वाइक

तार्तूच्या अभिलेखागारात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे डिसेंबरात तीन वाजताच दिवा लावावा लागतो,
मायरेला पत्रांच्या फाइलमध्ये एक टॅग सापडला:
‹वाइक› इथे हवा बरी आहे ‹/वाइक›

पत्रं क्रास्नोयार्स्ककडची, हद्दपारीतली.
लेइदा नावाच्या बाईने धाकट्या बहिणीला लिहिलेली.
बाकीचे टॅग सज्जन:
‹तारीख›ला तारीख कळते, ‹गाव›ला गाव,
म्हणजे तसं आपल्याला वाटतं.
‹गाव›ला तरी कुठे काय कळतं?
टोकदार कंसात कोंडलेली दोन अक्षरं ती,
आपण वीस वर्षं त्यांच्या आत गावंच ठेवत आलो
म्हणून गावासारखी वागतात.

वाइक म्हणजे तिकडे राळ. पाइनच्या सालीतून गळते ती.
आणि लेइदा राळच गोळा करायची, तैगात, बादली घेऊन.
"मग सरळ आहे," उर्मास म्हणाला, आणि जेवायला गेला.
मायरेने मोजलं. राळ एकोणीस वेळा,
एकोणीसही वेळा टॅगच्या बाहेर.
आत काय, तर: साखर मिळते.
मुलगा उंच झालाय.
तुझा स्वेटर पोचला, हिरवा.

मग वाइकुस असेल, शांतता,
टंकायच्या कंटाळ्याने शेपूट तोडलेली.
जिथे लेइदा काही सांगता सांगता वळते
आणि हवेबद्दल बोलू लागते, तिथे.

नियमावलीत एकच ओळ:
"वाइक. ऐच्छिक. आत मजकूर चालेल."
यंत्राने फाइल तपासली, म्हणालं, वैध.
उघडलेलं मिटलं की त्याला पुरतं.
पोटात काय आहे हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

या नावाच्या बारशाला कोण जेवलं होतं?
हेल्वे पार्तेल. निवृत्त. आता वाल्गाच्या वृद्धाश्रमात.
मायरे रविवारी गेली, बसने, पिशवीत संत्री घेऊन.
हेल्वेने छापील कागद नाकापर्यंत आणला.
"आठवत नाही गं. राळ? नाही. शांतता? असेलही.
एवढं खरं, की तिथे आले की मी उठायचे.
खिडकीशी जाऊन उभी राहायचे.
परत आल्यावर जागा सापडावी
म्हणून काहीतरी घातलं असेल."
आणि संत्रं सोलू लागली.

तीन अर्थ घेऊन मायरे परतली, हातात एकही नाही.
दरम्यान रीगातल्या कुणा मुलाने, न विचारता,
आपल्या प्रोग्रॅममध्ये वाइकचा मजकूर
राखाडी छापायला सुरुवात केली होती.
का, तर बरा दिसतो.
आता वाचणारे एकमेकांना सांगतात,
राखाडी ओळी सावकाश वाचायच्या असतात.
कुणी ठरवलं? कुणीच नाही.
पायवाट काय ठराव करून पडते?

मार्चमध्ये बेचाळिसावं पत्र आलं,
कुणाच्या तरी पोटमाळ्यावरच्या पेटीतून.
मायरे टंकत होती:
आज राळेच्या दोन बादल्या भरल्या. तू गातेस का अजून?
हात कंसाकडे कधी गेला, कळलं नाही.
वर पाहिलं तेव्हा दोन्ही वाक्यं आत होती,
राळेसकट,
आणि ती स्वतः खुर्चीतून अर्धी उठलेली.

नियमावलीतली ती ओळ तिने खोडली.
व्याख्या लिहिली. पुसली. पुन्हा लिहिली, जास्त लांब.
शेवटी राहिलं ते एवढंच:
"वाइक. पाहा पत्र तीन, सतरा, बेचाळीस."

"ही काय व्याख्या झाली?" उर्मास म्हणाला.
"वाच आधी."
खिडकी उघडी होती. त्याने कोट अंगावर ओढला
आणि तिसरं पत्र काढलं.