गुंड

मुलाखत घ्यायला आलेली पोरगी पुण्याची.
मी म्हटलं, आमच्या घरी तीन गुंड होते,
तर तिचा पेन थांबला.
अवो बाई, पाण्याचे गुंड.
एक पितळी, दोन जर्मनचे,
त्यातल्या एकाला पोचा.
कोणाच्या डोक्यानं, ते आईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तांडापेठेत नळ यायचा रात्री तीनला.
बापाच्या मागावर लुगडं अर्धं, तो उठायचा नाही.
मी नऊ वर्षांची,
ओळीत गुंड ठेवून
त्याच्या गळ्यात हात टाकून झोपायची.
हात सुटला की नंबर गेला.
शाळा सातवीत सुटली,
हे सुटलं नाही.

लोक म्हणतात, धकातेबाई तिकिटासाठी
तीन निवडणुका साहेबांच्या ओट्यावर बसली.
बसली नाही वो.
गुंड ठेवला होता.

आता टँकर माझ्या सहीनं निघतो.
मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं तेव्हा,
पहिला कोणत्या गल्लीत वळतो
ते विचारू नको.

परवा पहाटे गाडीतून पाहिलं,
एक पोरगी झोपलेली, हात प्लास्टिकच्या डब्यावर.
आमचा सुखदेव तो हात अलगद उचलून
डबा मागं सरकवत होता.
मी काच खाली केली.
सुखदेव चार बूथ सांभाळतो.
काच वर केली.

हे छापू नको, बाई.
ते गुंडाचं छाप.
लोक हसतील.