लांडग्याला चांदी चालत नाही

पुस्तक शाहीनचं.
तिच्या आधी आणखी कुणाचं तरी.
पान साठपर्यंत पेन्सिलीनं अर्थ लिहिलेत मराठीत:
गुरगुरणे. निस्तेज. ओढ. मानेची शीर.
साठनंतर पेन्सिल नाही.
एकतर तिला इंग्रजी यायला लागलं
किंवा अर्थाची गरज उरली नाही.

मी दोनशे अकरावर आहे.
विट्यात दुपारचे तीन, भिंतीतून मागाचा खडखडाट,
आणि जंगलात बर्फ पडतोय.
बर्फ मी रसवंतीवाल्याकडं पाहिलाय,
गोणपाटात, भुशासकट.
तरी पाय गार पडतात.

तो माणूस आहे, महिन्यातली एक रात्र सोडून.
त्या रात्रीचं तो तिला सांगत नाही.
दोनशे पानं सांगत नाही.
मी वैतागते आणि पान उलटते.
त्याचं वय एकशे नव्वद.
एवढ्या वर्षांत एकाही मावशीनं त्याला
यंदा तरी उरकून टाक, म्हटलेलं नाही.

मागच्या रानात सिद्राम मेटकरींची मेंढरं बसलीत.
मी विचारलं, लांडगा जवळून पाहिलाय?
म्हणाले, दोन कोकरं नेली की अमावस्येला.
पौर्णिमेला नाही?
ते बघतच राहिले.
"उजेडात कोण चोरी करतंय, पोरी?"

मग पान दोनशे चाळीस. नियम येतो:
चांदी लागली की त्याची कातडी जळते.

पुस्तक पालथं ठेवलं मी.
तात्यांची गलाई आहे कोईमतूरला, चोवीस वर्षं.
आमच्या गल्लीत घरटी एक माणूस असाच,
कुठल्यातरी लांबच्या गावात, भट्टीपुढं.
आमच्या घरात चांदी म्हणजे
देव्हाऱ्यातले टाक, आईची जोडवी, माझे पैंजण,
आणि तात्यांच्या नखांच्या कडेचा
कशानंच न निघणारा काळा रंग.
तो आमचा उंबरा ओलांडूच शकणार नाही.
मला वाईट वाटलं, तिच्यासाठी नाही.

तात्या वर्षातून दोनदा येतात.
पहाटे साडेतीनची गाडी. कुत्री आधी कळवतात.
दारात एक माणूस, डोळे लाल,
ट्यूब लावली तर हात आडवा धरतो,
अंगाला तेजाबाचा वास.
पहिले दोन दिवस बोलत नाही.
आई म्हणते, भट्टी उतरतीय अंगातली.

या खेपेला तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उचललं.
वर चंद्र, खाली उघड्या छातीचा मुलगा.
मी भाकरीच्या पिठाकडं बघत राहिले.
"काय हाय ह्यात?"
मी सांगितलं. जंगल सांगितलं, बर्फ सांगितला,
चुंबनं गाळली, वय गाळलं,
चांदीचं मात्र सगळं सांगितलं.
तात्या विचारात पडले,
खोट्या मालाच्या गिऱ्हाइकापुढं पडावेत तसे.
"मग त्या पोरीच्या पायात काय न्हाय?"
"तिकडं पैंजण घालत नाहीत, तात्या."
"बरं हाय मग त्याचं."

जरा वेळानं, पुस्तक परत देताना:
"चांदी पातळ झाली की मुशीत चंद्रावानीच दिसती.
लई वेळ बघू न्हाय तिच्याकडं."
एवढंच. आणि डोळे चोळले.

रात्री ऐंशी पानं उरलीत.
पैंजण काढून बरणीत ठेवलेत, वर झाकण.
पावलं नुसतीच, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी.
पलीकडं तात्या कूस बदलतात,
झोपेत कुणाला तरी तमिळमध्ये थांब म्हणतात,
किंवा ये म्हणत असतील, मला कुठं येतं तमिळ.
मेटकरींचं कुत्रं एकदा भुंकून गप्प झालं.
उठून बघावंसं वाटलं, उठले नाही.

पान तीनशे दोन.
तो अजूनही तिला सांगत नाही.