पिना

ठराव पहिला दोन बैठका खाऊन गेला :
बिल्ल्यावर अक्षरं कुठली?
भारमव्वा म्हणाली, कन्नडच. विद्यापीठ सरकारचं आहे.
राजमती म्हणाली, मग खाली मराठी, बारीक तरी.
तबस्सुम गप्प. तिला कुणी विचारलंच नव्हतं
घरात ती काय बोलते.
मुतगेकर मॅडम म्हणाल्या, नुसतं साल घाला, संपवा.
तर आकडे कुठले, यावर पुन्हा चहा आला.

मी सचिव. मी लिहून घेत होते.
स्त्री-अभ्यास सन्मान मंडळ, वर्ष पहिलं,
पंच्याहत्तर टक्क्यांच्या वरच्या अकरा जणी.
अर्जात एक रकाना होता : वडिलांचे किंवा पतीचे नाव.
छापून आल्यावर आम्हाला दिसला.
रेणव्वानं तिथं आईचं नाव लिहिलं,
मी तसंच रजिस्टरात उतरवलं.
क्लार्कनं त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला.
मी खोडला. उजेडाकडं धरलं तर अजून दिसतो.

शेवटी निकाल दिला खडेबाजारातल्या दुकानदारानं.
"एवढुशा पितळेवर एवढं भांडण मावत न्हाई बाई,
काठ घालून देतो."
तसेच आले. मधे कोरे,
कडेनं इरकलीच्या गोमीसारखा काठ,
आणि मागं पिना नव्हत्या.

हे कळलं सभागृहात,
कुलगुरूंची गाडी आवारात वळल्यावर.
तबकात अकरा बिल्ले, हळदीकुंकवाशेजारी,
नुसते गोल, कशालाच न अडकणारे.
शिपाई म्हणाला, गावात जाऊन आणतो.
गाव अठरा किलोमीटर.

मागच्या रांगेत आया बसल्या होत्या.
हुक्केरी, वडगाव, खानापूर, सौंदत्ती.
एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत होत्या
मला नीट सांगता येणार नाही,
'होय की' आणि 'हौद की' यांच्या मधलीच कुठली तरी.
त्यांतली एक, वडगावची, मागावर बसणारी,
तिनं बांगड्यांत बोट घातलं
आणि पिन काढून पुढच्या रांगेकडं सरकवली.
मग हातोहात
मंगळसूत्रातल्या, ओढणीच्या,
नाडी ओवायला ठेवलेल्या,
एक वाकडी, एक निळ्या टोपणाची,
एक कुणाच्या तरी लंगोटाला लावलेली, वीस वर्षांपूर्वी.
नऊ झाल्या. दहा.

अकरावी आईची.
पिनेलाही तंबाखूचा वास असतो
हे मला तेव्हा कळलं.
तीस वर्षं निपाणीच्या वखारीत पानं चाळलेली बोटं
माझ्या पदरापर्यंत आली नाहीत.
पुढच्या बाईच्या हातात पिन दिली
आणि झटकन मागं, पदराखाली.

भाषण झालं. स्त्री आणि निर्णयप्रक्रिया.
चांगलं होतं, मी दोन पानं लिहिली.
आभार तीन भाषांत मानले गेले :
मंडपवाल्याचे, कुलगुरूंचे, बिसलरीच्या बाटल्या देणाऱ्याचे.
टाळ्या वाजताना मागच्या रांगेत
बांगड्या जरा मोकळ्या वाजल्या,
पण हे इतिवृत्तात कसं लिहायचं ते ठरलेलं नाही.

हायवेला निपाणीची बस मिळाली.
हत्तरगीचा टोलनाका गेला.
संकेश्वरच्या पुलावर आईनं हात पुढं केला.
मला वाटलं, बिल्ला बघायचाय.
"पिन दे की. झंपरचं हुक गेलंय,
उद्या वखारीत काय लावू?"
काढून दिली. तिनं बांगडीत अडकवली,
मग बिल्ला घेतला, उलटा केला, सुलटा केला.
"काय लिवलंय ह्याच्यावर?"
काही नाही, म्हटलं.
"मग बरं. मलाबी वाचता येतंय."
आणि खिडकीकडं तोंड करून लगेच,
"पितळ हाय. चिंचेनं घासत जा,
न्हाईतर काळं पडतंय."