अर्धी विमानसेवा

त्या देशाची विमानं दोन.
त्यातलं एक मिहानच्या हँगरात, पोट उघडं टाकून,
म्हणजे मे महिन्याचे एकोणीस दिवस
एका देशाची अर्धी विमानसेवा
खापरीच्या पुलापलीकडे उभी होती
आणि मी तिच्या खुर्च्या उसवत होते.

आधी मी गांधीबागेत सोफे शिवायची, पंधरा वर्षं.
सोफ्यातून चिल्लर निघते, फार तर कानातलं.
इथे पहिल्याच गादीतून माशाचं खवलं निघालं,
नखाएवढं, सुकलेलं,
तरी चमकून राहिलं होतं.

मग निघतच गेलं.
काथ्या. बाळाचा एक मोजा.
चार घड्या घातलेला शाळेचा निकाल
(नापासाचाच; पास झालेला कोण कोंबतो शिवणीत?)
आणि वाळू. आपल्या कन्हानची असते तशी नाही,
पांढरी, दळलेल्या मिठासारखी.

सीटच्या खिशात त्यांचं सेवापत्रक होतं.
सुपरवायझर लोखंडेनं अडखळत वाचून दाखवलं:
आठवड्यातून दोन फेऱ्या, वारा ऐकेल तेव्हा.
बर्फातले मासे, किलोवर.
कोंबड्या जिवंत, पायाशी.
परीक्षेचे पेपर पुढच्या रांगेत, पट्टा बांधून.
बाळंतपणाला जाणारीला एक तिकीट,
परत येताना त्याच तिकिटावर दोघं.
आणि परदेशात मेलेल्याला घरी आणायचे
पैसे नाहीत.

"असं कुठं असते का बे," लोखंडे म्हणाला.
मी सुईत दोरा ओवत होते. ओवला जाईना.
माझा दीर मस्कतहून पेटीत आला,
त्याचा हिशेब सासूच्या डब्यात आहे अजून,
पावत्यांसकट.

विमानासोबत त्यांचा एक इंजिनिअर आलेला, तोमासी.
सेहेचाळीस डिग्रीत पंखाच्या सावलीला बसायचा,
डोक्यावर ओला रुमाल.
तर्री पोहे खाऊन रडला,
दुसऱ्या दिवशी परत मागितले.
एकदा हातवारे करून विचारलं, समुद्र कोणत्या बाजूला?
आम्ही चौघींनी चार बाजूंना हात केले.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.
रविवारी तो झिरो माइल पाहून आला, हिरमुसला.
खांबावर त्याच्या बेटाचं नाव नव्हतं म्हणे.
राहील कसं बाप्पा,
तिथं आमचं बुटीबोरी नाही.

प्रत्येक खुर्चीखाली लाइफ जॅकेट, जॅकेटला शिट्टी.
अडुसष्ट शिट्ट्या, एकेक फुंकून पाहायची.
टँकर आला समजून
कँटीनची रत्नमाला बादली घेऊन धावली.

नियम असा, की जे निघालं ते मोजून लिहायचं.
मी लिहिलं: वाळू, चाळीस ग्रॅम.
लोखंडे म्हणे, फेक ना, काहून लिहितेस.
तोमासीनं यादी वाचली. हसला नाही.
बोट आणि अंगठा जवळ आणत दाखवलं,
त्याचा देश दरवर्षी एवढा एवढा कमी होतो.
मग पिशवी दोन्ही हातांनी घेतली,
पावतीवर सही केली, पूर्ण नावानिशी,
तारीख टाकली,
शिक्का नव्हता म्हणून अंगठाही दिला.

निकालाचा कागद मात्र माझ्या यादीत नाही.
सातव्या रांगेत, खिडकीशी,
जिथं होता तिथंच परत सरकवला
आणि वरून दुहेरी टीप मारली.