निळं घमेलं

"आज येशू कोण होणार?" विचारलं,
तर दहा हात वर.
पाय व्हायला कुणीच तयार नाही.
अकरावा, लिंबिकानी, दाराबाहेर बघत होता:
मलावी सरोवराच्या काठावर, बांबूच्या मांडवांवर
उसिपा मासळी वाळत होती,
तिचा वास थेट वचनात शिरत होता.

घमेल्याचा तडा साबणाने बुजवलेला.
बोअरचं पाणी यान्खोने डोक्यावरून आणलं
आणि आणल्याचं चारदा सांगितलं.
धुणं संपायच्या आत तादाला ओरडली,
"मी तिघांचे धुतले, हिने दोघांचेच!
मीच सगळ्यांत नम्र!"
"हट्, मी तर बोटांच्या बेचक्यासुद्धा!"

नम्रतेचीही शर्यत लागते,
हे माझ्या टाचणवहीत नव्हतं.

मग लिंबिकानी,
ज्याला अजून स्वतःची नाडी बांधता येत नाही,
घमेलं फरफटत माझ्यापुढे घेऊन आला.
"बाई, बूट."

नको रे, म्हटलं. पाणी गढूळ झालंय. उशीर झालाय.
खरं कारण मोज्यात होतं:
भेगाळलेल्या टाचा, नख नसलेला अंगठा.
वीस वर्षं हा धडा शिकवतेय
आणि पेत्रासारखी पाय मागे ओढतेय.

तो काही बोलला नाही. उकिडवा बसून राहिला,
आधण यायची वाट बघावी तसा.

मी बूट काढले.
पाणी कोमट होतं, दहा जणांच्या धुळीचं.
अंगठ्यापाशी तो थबकला.
"दुखतं?"

त्या रविवारी
पुढचं वचन वाचायचं राहूनच गेलं.