लिहिणारी बाई

बोर्बाला नेनीला अख्खं कालोचा
‘लिहिणारी बाई’ म्हणायचं,
आणि तिला सही येत नव्हती.
पोस्टमन पेन्शन घेऊन आला
की ती रकान्यात एक ट्यूलिप काढायची.
चालून जायचं.

ती लिहायची कापडावर.
निळ्या शाईत टाक बुडवून,
पट्टी नाही, छापा नाही,
पांढऱ्या एप्रनवर सरसर वेल.
मग गावातल्या बाया त्या रेघांवर सुई चालवायच्या.
मी शेजारची पोर, शाईची वाटी धरून उभी.
“बोटं नुसती हमाल आहेत,” ती म्हणायची,
“वळण खांद्यातून येतं.”

तिची पणती चेंगे रोटरडॅमहून आली,
लग्नाला बारा दिवस असताना.
प्लास्टिकच्या पिशवीतून एप्रन काढला,
माझ्या काउंटरवर पसरला, क्रीमरोल बाजूला सारून.
“हे केकवर हवं. तिन्ही थरांवर.
पांढऱ्यावर पांढरं.
आणि हा कोपरा तेवढा पूर्ण करा.”

कोपरा बघितला.
टाके एका पानाच्या मध्येच थांबलेले,
पुढे नुसती शाई,
निळी, कालची वाटावी अशी.
ती शाई पहिल्या धुण्यात जाते.
म्हणजे एप्रन कधी धुतलाच नव्हता.
म्हणजे कुणी कधी बांधलाच नव्हता.
मी हे चेंगेला सांगितलं नाही. ॲडव्हान्स घेतला.

शुक्रवारी रात्री
अंड्याचा पांढरा बलक, दोनदा चाळलेली साखर,
लिंबाचे सहा थेंब.
नक्षीचा कागद थराला लावून टाचणीने भोकं पाडली,
वेंडेल जांभया देत टर्नटेबल फिरवत होता,
दीड वाजता त्याला घरी हाकलला.

वेल म्हणजे काय, स्वल्पविराम.
एकाची शेपटी दुसऱ्याच्या पोटाखाली,
दाब, ओढ, सोड,
दाब, ओढ, सोड.
पूर्णविराम कुठेच नाही, केक गोल असतो.
फुलाची कड काढायची
आणि सुकायच्या आत ओल्या ब्रशने आत ओढायची,
की साखरेला टाके पडतात.
खालचा थर झाला तेव्हा कोन धरलेली करंगळी बधिर होती,
मधला झाला तेव्हा मान.

पहाटे चारला तो कोपरा आला.
दोन स्वल्पविराम काढले.
नीट आले. फारच नीट.
सुरीने खरवडून टाकले.

टाके कुणाचे होते, कोण जाणे.
बोर्बाला नेनी स्वतः कधी भरत नसे.
दोरा संपला असेल तिचा,
सोयरीक मोडली असेल,
किंवा नुसता कंटाळा आला असेल.
बायांना कंटाळा येतो,
हे कुणी कुठे नोंदवत नाही.

मी कोन खाली ठेवला.
बशीत निळा रंग कालवला, पातळ,
सगळ्यात बारीक ब्रश घेतला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
टाचणीच्या भोकांकडे न बघता
खांदा हलवला.
पान. देठ. कळी. एक वळण चुकलं,
ते तसंच पुढे नेलं.

हॉलमध्ये चेंगेच्या आईने केकभोवती चक्कर मारली.
“इथे विसरलात.”
“नाही.”
“मग हे काय?”
“हे तुमच्या आजीचं अक्षर.”
ती बराच वेळ वाकून बघत राहिली.
मग म्हणाली, दोन हजार फोरिंट कमी करा,
काम अर्धं आहे.
केले.

फोटो पुढच्या बाजूने काढले,
पांढरी बाजू, बरोबर दिसते.
पण सुरी लागायच्या आधीच
योस्टच्या भाच्याने मागून
कळीपासून देठापर्यंत
सगळं चाटून ठेवलं होतं,
आणि त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत
पहिल्या रांगेत, उजवीकडे,
एक पोरगा जीभ काढून उभा आहे.
निळी.